नौकेवरील संगणकाला स्थान कसे कळते?

किनारा दिसेनासा झाला म्हणजे खलाशापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो हा, की आपण नेमके कोठे आहोत? पूर्वी सूर्य, तारे व होकायंत्र यांच्या साहाय्याने तो सोडवीत असत. आज लहानशा होडीवरही जीपीएसचे ग्राहकयंत्र असते. त्याला संगणक जोडला म्हणजे पडद्यावरील नकाशात होडी सरकताना दिसते. हे यंत्र संगणकाशी कसे बोलते, ते आपण पाहू.

सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह आपली वेळ व आपले स्थान सतत कळवीत असतात. संदेश निघाल्याची व पोचल्याची वेळ यांवरून उपग्रहाचे अंतर निघते. संदेश प्रकाशाच्या वेगाने येत असल्यामुळे घड्याळात सेकंदाच्या दशलक्षांश भागाची चूक झाली, तरी अंतर ३०० मीटरने चुकते. ग्राहकयंत्राचे घड्याळ तितके अचूक नसते. म्हणून स्थानाच्या तीन अज्ञातांबरोबर वेळेचे चौथे अज्ञात येते, आणि किमान चार उपग्रह लागतात. चार अज्ञातांना चार समीकरणे हवीत, हे बीजगणितात आपण शिकलोच आहोत.

आता जोडणीकडे वळू. यंत्राची 'बोलणारी' तार संगणकाच्या 'ऐकणाऱ्या' टोकाला जोडावयाची आणि दुसरी तार दोघांना समाईक ठेवावयाची, एवढे साध्या जोडणीस पुरते. दोन्ही बोलणाऱ्या तारा एकमेकींस जोडल्या तर ऐकणारा कोणीच उरत नाही. नव्या संगणकाला जुन्या पद्धतीचे नऊ टाचण्यांचे तोंड नसते; तेथे मध्ये यूएसबीचा जोड घालावा लागतो. दोघांचा वेगही एकच हवा. १९८३ साली नौकांवरील उपकरणांसाठी ठरलेल्या 'एनएमईए ०१८३' या संकेतात तो सामान्यतः सेकंदाला ४८०० बिट असतो. वेग जुळला नाही तर पडद्यावर निरर्थक अक्षरे उमटतात.

या संकेतातील प्रत्येक संदेश हे एक वाक्यच असते. ते डॉलरच्या चिन्हाने सुरू होते आणि त्याचे भाग स्वल्पविरामांनी वेगळे केलेले असतात. 'आरएमसी' नावाच्या वाक्यात क्रमाने वेळ, विश्वासाचे अक्षर, अक्षांश, रेखांश, वेग, दिशा व तारीख येते. शेवटी तारकाचिन्हानंतर दोन अक्षरांचा ताळा असतो. तो जुळला नाही तर वाक्य वाटेत बिघडले असे समजून टाकून द्यावे. वेळ मात्र जागतिक असते. ०६३००० असे आले तर आपल्याकडे दुपारचे बारा वाजलेले असतात.

येथे एका चुकीबद्दल सावध राहिले पाहिजे. मुरगाव बंदराजवळील एखाद्या स्थानाचा अक्षांश १५२५.००० असा येईल. त्याचा अर्थ १५ अंश २५ मिनिटे. कोणी तो १५.२५ अंश असा वाचला, तर त्याची १५ अंश १५ मिनिटे होतात. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे सुमारे एक सागरी मैल. म्हणजे होडी नकाशावर दहा सागरी मैल, अर्थात साडेअठरा किलोमीटर, दक्षिणेकडे सरकली! योग्य रीत अशी की, मिनिटांना ६० ने भागून भागाकार अंशांत मिळवावा. २५ भागिले ६० म्हणजे ०.४१६७, म्हणून उत्तर १५.४१६७ अंश.

विश्वासाच्या अक्षराचे मोल तर याहून मोठे. 'ए' असेल तर स्थान ग्राह्य, 'व्ही' असेल तर अग्राह्य. 'रॉयल मॅजेस्टी' हे प्रवासी जहाज जून १९९५ मध्ये बर्म्युडाहून बोस्टनकडे निघाले. थोड्याच वेळात त्याच्या जीपीएसच्या अँटेनाची तार निसटली. तेव्हा यंत्र केवळ दिशा व वेग यांवरून अंदाजाने स्थान सांगू लागले. स्थान अग्राह्य असल्याची खूण ते पाठवीत होते. परंतु सुकाणू चालविणारी यंत्रणा ती खूण तपासतच नव्हती. पुढे निळेपांढरे पाणी दिसत असल्याची पहारेकऱ्याची वर्दीही दुर्लक्षिली गेली. १० जूनच्या रात्री, सुमारे ३४ तासांच्या प्रवासानंतर, ते जहाज मार्गापासून १७ मैल दूर, नॅनटकेट बेटाजवळच्या वाळूत रुतले. जहाजावर सुमारे १५०० माणसे होती; सुदैवाने प्राणहानी झाली नाही.

पडद्यावरील ठिपका दिसावयास सारखाच असतो, मग तो उपग्रहांच्या आधाराने उमटलेला असो वा अंदाजाने. म्हणून संगणक जोडल्यावरही पाण्याची खोली मोजावी, दीपगृह ओळखावे, कागदी नकाशावर ठरावीक वेळाने स्थानाची खूण करावी, आणि या साऱ्यांचा एकमेकांशी मेळ बसतो की नाही ते पाहावे. गणिताचे उत्तर आल्यावर ताळा पाहण्याची सवय शाळेत लावतात. समुद्रावर त्याच सवयीने माणसांचे प्राण वाचतात, असे आम्हांस वाटते.