चित्रफीत उघडत नाही तेव्हा : घरच्या संगणकासाठी एक अभ्यासपाठ

माटुंगा लेबर कॅम्पपासून नायगाव, दादर, परळपर्यंत आपल्या समाजाच्या घरांत एक ठेवा कपाटाच्या वरच्या फळीवर पडून आहे. लग्नाच्या व्हीसीडी, भीमजयंतीच्या कार्यक्रमांच्या डीव्हीडी, शाळेच्या स्नेहसंमेलनाची चित्रणे, सहा डिसेंबरला शिवाजी पार्कच्या दुकानांतून आणलेल्या गीतांच्या तबकड्या आणि अलीकडच्या काळातील मोबाइलवरील फायली असे त्याचे स्वरूप असते. लोककवी वामनदादा कर्डक १५ मे २००४ रोजी गेले. त्यांचा वस्तीतील एखादा कार्यक्रम कोणी घरगुती कॅमेऱ्याने टिपला असेल, तर त्याची दुसरी प्रत जगात कोठेही नसण्याची शक्यता आहे. अशी फाईल संगणकावर उघडत नाही, तेव्हा पुष्कळ कुटुंबे ती ‘खराब झाली’ असे समजून टाकून देतात. अनेकदा फाईल शाबूत असते, अडचण दुसरीकडेच असते. ती कोठे आहे हे ओळखण्याची रीत माजी विद्यार्थ्यांसमोर आणि पालकांसमोर मांडावी, एवढाच या पाठाचा हेतू आहे.

१. फाईल म्हणजे डबा

प्रथम एक भेद ध्यानी घ्यावा. एमपी४, एव्हीआय, एमकेव्ही, एमओव्ही ही नावे डब्याची आहेत. डब्याच्या आत चित्र आणि ध्वनी वेगवेगळ्या पद्धतींनी आवळून भरलेले असतात. आवळण्याच्या आणि उलगडण्याच्या या पद्धतीला ‘कोडेक’ म्हणतात. सारखेच नाव असलेल्या दोन एमपी४ फायलींपैकी एक चालते आणि दुसरी चालत नाही, याचे कारण येथे सापडते. पहिलीत २००३ साली प्रमाणित झालेली एच.२६४ पद्धत असेल, दुसरीत २०१३ सालची एच.२६५. जुन्या संगणकाला पहिली उमगते, दुसरी उमगत नाही. म्हणून फाईलच्या नावाचे शेपूट बदलल्याने काहीही साधत नाही. डब्यावरची चिठ्ठी बदलली म्हणून आतील धान्य बदलत नाही.

२. निदानाचा क्रम

उपाय करण्यापूर्वी तीन प्रश्न याच क्रमाने विचारावेत.

पहिला प्रश्न : याच संगणकावर दुसरी एखादी चित्रफीत चालते काय? एकही चालत नसेल, तर दोष संगणकात किंवा प्लेअरमध्ये आहे.

दुसरा प्रश्न : हीच फाईल दुसऱ्या प्लेअरमध्ये किंवा दुसऱ्या संगणकावर चालते काय? चालत असेल, तर फाईल निर्दोष आहे आणि आपल्याकडे योग्य कोडेक नाही.

तिसरा प्रश्न : फाईल कोठेच चालत नसेल, तर तिचा आकार मूळ फाईलइतकाच आहे काय? कमी असेल, तर प्रत अर्धवट उतरली आहे. ती मूळ जागेवरून पुन्हा घ्यावी.

दुसऱ्या प्रश्नासाठी व्हीएलसी हा प्लेअर घरी असावा. पॅरिसजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी १९९६ साली सुरू केलेल्या प्रकल्पातून तो जन्मला आणि २००१ पासून तो सर्वांसाठी मुक्त आहे. बहुतेक कोडेक त्याच्या पोटातच असतात. २०२२ साली भारतात त्याचे संकेतस्थळ काही महिने बंद होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते पुन्हा खुले झाले. तो अधिकृत स्थळावरूनच घ्यावा. ‘चित्रफीत पाहण्यासाठी हा कोडेक पॅक उतरवा’ असे सांगणाऱ्या अनोळखी पानांपासून दूर राहावे, कारण त्या वाटेने संगणकात विषाणू शिरतात. व्हीएलसीच्या ‘टूल्स’ या यादीत ‘कोडेक इन्फर्मेशन’ उघडले की डब्यात नेमके काय आहे ते दिसते.

३. लक्षणे आणि उपाय

*आवाज येतो, पण पडदा काळा राहतो.* चित्राचा कोडेक मिळालेला नाही. आयफोनवर २०१७ पासून एच.२६५ पद्धतीने चित्रण होऊ लागले. अशा फायली विंडोजच्या स्वतःच्या प्लेअरमध्ये वेगळी जोड घातल्याशिवाय पुष्कळदा उघडत नाहीत, व्हीएलसीत उघडतात. व्हीएलसीतही पडदा काळाच राहिला, तर ‘प्रेफरन्सेस’मधील ‘इनपुट/कोडेक्स’ या पानावर जाऊन हार्डवेअरची मदत बंद करावी आणि प्लेअर पुन्हा सुरू करावा. त्यानंतर ग्राफिक्सचा ड्रायव्हर अद्ययावत करावा.

*चित्र दिसते, पण आवाज येत नाही.* आधी साध्या गोष्टी पाहाव्यात. आवाज बंद केलेला आहे काय, ध्वनी दुसऱ्याच स्पीकरकडे जात आहे काय, हे तपासावे. नंतर व्हीएलसीच्या ‘ऑडिओ’ यादीत ‘ऑडिओ ट्रॅक’ निवडलेला आहे याची खात्री करावी.

*चित्र अडखळते.* फाईल पेनड्राइव्हवर असेल तर आधी संगणकाच्या डिस्कवर उतरवून घ्यावी. तरीही अडखळत असेल, तर जुन्या प्रोसेसरला तो भार पेलवत नाही. तेव्हा ‘हँडब्रेक’ या मोफत प्रणालीने एच.२६४ पद्धतीची हलकी प्रत तयार करावी. मूळ फाईल मात्र कधीही पुसू नये. प्रत्येक रूपांतरात चित्राचा थोडा अंश कायमचा गळतो.

*ओठ आधी हलतात, शब्द मागून येतात.* व्हीएलसीत ‘जे’ आणि ‘के’ या कळांनी ध्वनी पन्नास पन्नास मिलिसेकंदांनी मागेपुढे सरकवता येतो.

*फाईल उघडतच नाही, आकार मात्र मोठा आहे.* एमपी४ फाईलची अनुक्रमणिका मोबाइल सामान्यतः चित्रण संपल्यावर लिहितो. मधेच बॅटरी संपली तर पाने राहतात आणि अनुक्रमणिका लिहायची राहून जाते. त्याच मोबाइलवर त्याच मांडणीने केलेली दुसरी निर्दोष फाईल नमुना म्हणून देऊन ‘अनट्रंक’सारख्या साधनाने ती पुष्कळदा दुरुस्त होते.

*मोठी फाईल पेनड्राइव्हवर उतरत नाही.* पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीचा असेल, तर चार जीबी किंवा त्याहून मोठी एक फाईल त्यावर मावत नाही, मग जागा कितीही मोकळी असो. आतील सर्व काही दुसरीकडे ठेवून तो एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करावा.

४. जुन्या तबकड्या

व्हीसीडीवरील चित्र ‘एमपेगएव्ही’ या फोल्डरमध्ये डीएटी नावाच्या फाईलमध्ये असते. साधारण ७४ मिनिटांचे चित्रण एका तबकडीवर मावावे म्हणून या पद्धतीत चूक-दुरुस्तीसाठी राखीव असलेली जागाही चित्राला दिली आहे. त्यामुळे थोडासा ओरखडाही संगणकाला अडतो आणि प्रत घेताना काम मधेच थांबते. मऊ कोरड्या कापडाने तबकडी मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसावी, गोल फिरवून पुसू नये. मग व्हीएलसीच्या ‘मीडिया’ यादीतून ‘ओपन डिस्क’ निवडून पाहावे. एका ड्राइव्हला न वाचता आलेली तबकडी दुसरा ड्राइव्ह वाचतो, हेही विसरू नये.

व्हीसीडीचे चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचे असते. म्हणजे एका चौकटीत सुमारे एक लाख ठिपके. आजच्या १९२० बाय १०८० च्या पडद्यावर वीस लाखांहून अधिक ठिपके असतात. म्हणून जुने चित्र धूसर दिसते. तो बिघाड मानू नये. खिडकी लहान करून पाहिले की चेहरे ओळखू येतात.

डीव्हीडीत ‘व्हिडिओ टीएस’ या फोल्डरमध्ये व्हीओबी फायली असतात. विंडोज ८ पासून डीव्हीडी चालवण्याची सोय मूळ प्रणालीत नाही, तेथेही व्हीएलसी उपयोगी पडतो. हलणाऱ्या हाताभोवती आडव्या रेघा दिसल्या, तर ‘व्हिडिओ’ यादीतील ‘डीइंटरलेस’ सुरू करावे. कॅमेऱ्यातून थेट लिहिलेली डीव्हीडी कोठेच चालत नसेल, तर ती ‘फायनलाइज’ करायची राहिली असावी. ते काम शक्यतो त्याच कॅमेऱ्यात करावे लागते, म्हणून जुना कॅमेरा भंगारात देण्यापूर्वी विचार करावा.

नव्या लॅपटॉपमध्ये तबकडीचा ड्राइव्ह बहुधा नसतो. ग्रँट रोडच्या लॅमिंग्टन रोडवर यूएसबीने जोडण्याचा ड्राइव्ह मिळतो. चार-पाच कुटुंबांनी मिळून एक घेतला तरी पुरतो. मुंबईच्या पावसाळी दमटपणात व्हीएचएस कॅसेटच्या फितीवर बुरशी धरते. अशी कॅसेट यंत्रात घालू नये. फीत तुटते आणि यंत्रही दूषित होते. ती जाणकाराकडेच न्यावी.

५. जतन

चालू झालेली फाईल पुन्हा हरवू नये यासाठी तिच्या तीन प्रती ठेवाव्यात. त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत घराबाहेर असावी. एक संगणकावर, एक बाहेरच्या हार्डडिस्कवर आणि एक गावाकडच्या भावाकडे, एवढी व्यवस्था पुरेशी आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर साधी चित्रफीत म्हणून पाठवलेली फाईल आवळली जाऊन निकृष्ट होते, म्हणून ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी.

प्रत्येक फाईलला प्रसंग, ठिकाण आणि वर्ष यांचे नाव द्यावे आणि चित्रात दिसणाऱ्या माणसांची नावे सोबतच्या कागदावर लिहून ठेवावीत. आजी-आजोबांना शेजारी बसवून हे काम करावे. कोडेक केव्हाही मिळेल, प्लेअर केव्हाही बदलता येईल. तिसऱ्या रांगेत डफ घेऊन उभा असलेला तरुण कोण, हे सांगणारे माणूस मात्र आज घरात आहे, तोवरच विचारून घ्यावे.