कॅनडात स्थायिक होण्याचा अर्ज : सल्लागाराचे काम आणि अर्जदाराची जबाबदारी

गोव्यातून आखाती देशांत नोकरीस जाण्याची परंपरा जुनी आहे. त्या नोकरीचा व्हिसा मालकाच्या मागणीवरून मिळतो आणि नोकरी संपली की सामान्यतः परतावे लागते. कॅनडाची कुशल कामगार योजना याहून निराळी आहे. तीत कायम वास्तव्याचा हक्क मिळतो आणि उमेदवारांची निवड त्या देशाचे शासन गुणांकनाने करते. हा भेद लक्षात न आल्यामुळे ‘व्हिसा आणून देतो’ असे सांगणाऱ्यावर कुटुंबे विसंबतात. वस्तुतः व्हिसा देणे कोणत्याही सल्लागाराच्या हाती नसते.

निवड कशी होते

जानेवारी २०१५ पासून हे अर्ज ‘एक्स्प्रेस एन्ट्री’ या पद्धतीने घेतले जातात. परदेशी कुशल कामगारांच्या मुख्य वर्गात प्रथम १०० पैकी किमान ६७ गुण मिळवावे लागतात. भाषेस कमाल २८, शिक्षणास २५, अनुभवास १५, वयास १२, निश्चित नोकरीस १० आणि तेथे रुळण्याच्या अनुकूलतेस १० अशी त्यांची विभागणी आहे. परंतु ६७ गुण म्हणजे व्हिसा नव्हे; ते केवळ यादीत प्रवेश देतात. त्या यादीत १२०० पैकी गुणांनुसार पुन्हा क्रम लागतो आणि वरच्या क्रमांकाच्या उमेदवारांना निमंत्रण मिळते. निमंत्रणानंतर ६० दिवसांत सर्व कागदपत्रांसह अर्ज सादर करावा लागतो. भाषा परीक्षेचा निकाल दोन वर्षांहून आणि पदवीच्या समकक्षतेचा अहवाल पाच वर्षांहून जुना चालत नाही.

सल्लागाराचा खरा उपयोग

अर्जदार स्वतः अर्ज करू शकतो. सल्लागार नेमण्याची सक्ती नाही. तथापि काही बाबतींत जाणत्याची मदत मोलाची ठरते. अर्जदाराचा व्यवसाय कोणत्या वर्गात मोडतो हे हुद्द्यावरून नव्हे, तर प्रत्यक्ष कामावरून ठरते. ‘सुपरवायझर’ म्हणून नेमलेला इसम दिवसभर विजेची जोडणी करीत असेल, तर नोंद त्या कामाची हवी. नावांचा प्रश्नही नेहमीचा आहे. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पारपत्रावर शेवटी, आणि विवाहानंतर संपूर्ण नावच बदललेले असते. अशा विसंगतीचा खुलासा पुराव्यानिशी आधीच जोडणे हिताचे असते.

अधिकृत कोण

कॅनडाच्या कायद्याप्रमाणे मोबदला घेऊन असा सल्ला देण्याचा अधिकार तेथील वकील संघांच्या सदस्यांना, क्वेबेक प्रांताच्या नोटरींना आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या सल्लागारांच्या वैधानिक महाविद्यालयाच्या परवानाधारकांनाच आहे. सल्लागाराचे कार्यालय भारतात असले तरी हाच नियम लागू होतो. परवानाधारकांची नोंदवही सर्वांना पाहण्यास खुली आहे. पैसे देण्यापूर्वी तीत सल्लागाराचे नाव व क्रमांक पडताळून पाहावा. अर्जात प्रतिनिधीचे नाव जाहीर करणे आवश्यक असते. ‘माझे नाव लिहू नका’ असे सांगणारा सल्लागार टाळावा.

भारताच्या १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखालील नोंदणी ही परदेशी मालकासाठी कामगार भरती करणाऱ्या मध्यस्थांची आहे. ती दाखवून कॅनडाच्या स्थलांतराचा सल्ला देण्याचा अधिकार सिद्ध होत नाही.

जबाबदारी कोणाची

अर्ज कोणीही भरला तरी त्यातील प्रत्येक विधानास अर्जदार उत्तरदायी असतो. खोटे अनुभवपत्र आढळल्यास अर्ज फेटाळला जातो आणि पाच वर्षे प्रवेशबंदी होऊ शकते. ‘ते सल्लागाराने केले’ हा बचाव सहसा पुरा पडत नाही. नोकरीच्या प्रस्तावास क्रमवारीत पूर्वी मिळणारे जादा गुण २५ मार्च २०२५ पासून बंद झाले. तरीही त्या गुणांचे आमिष दाखवून कोणी प्रस्तावपत्र विकत असेल, तर ती उघड फसवणूक आहे.

म्हणून सल्लागाराशी लेखी करार करावा. शासकीय शुल्क व सल्लागाराचे मानधन यांच्या स्वतंत्र पावत्या घ्याव्यात. सादर करण्यापूर्वी संपूर्ण अर्ज वाचावा आणि त्याची प्रत जवळ ठेवावी. मूळ पदवीपत्र व पारपत्र दुसऱ्याच्या ताब्यात देऊ नये.

गावात काय करता येईल

या कामी स्थानिक कार्यालये व शाळा यांचे साहाय्य महत्त्वाचे आहे. ‘अमुक काळ सेवेत होते’ एवढाच दाखला अपुरा पडतो. कार्यालयप्रमुखांनी अनुभवपत्रात हुद्दा, कामाचे स्वरूप, आठवड्याचे तास, वेतन व सेवेच्या तारखा नमूद कराव्यात. शिक्षकांनी विद्यार्थी शाळेत असतानाच नाव व जन्मतारखेची नोंद पालकांकडून तपासून घ्यावी. शाळेच्या नोंदवहीतील एका अक्षराची चूक पुढे परदेशी कार्यालयापुढे अनेक कागदांनी निस्तरावी लागते. वेळीच तपासली, तर ती गावातच दुरुस्त होते.