पोटापलीकडचे शिक्षण

धर्मादाय संस्थेच्या दारी येणारा मनुष्य औषध मागतो, मुलाची फी मागतो, नोकरीसाठी चिठ्ठी मागतो. तत्त्वज्ञान कोणी मागत नाही. त्यावरून गरिबास त्याची गरज नाही, असे आपण धरून चालतो. ज्युबिलीच्या ह्या मंगल प्रसंगी ही समजूत एकदा तपासून पाहावी, असे आम्हांस वाटते.

इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान, कला ह्या विषयांस मानव्यविद्या म्हणतात. मनुष्याने कसे जगावे, न्याय कशास म्हणावे, आपल्या आधी कोण कसे जगले, हा त्यांचा विषय. कॉलेजात त्या शिकता येतात. परंतु ज्याची शाळा लहानपणीच सुटली आणि जो आज चाळिशीत हमाली करतो, किंवा जी चार घरची धुणीभांडी करून संसार चालविते, त्यांस ते दार बंदच असते. १९८५ साली इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ व १९८९ साली नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ निघाले, ही मोठीच सोय झाली. तरी पुस्तक घरी येणे निराळे आणि दहाजणांत बसून त्यावर बोलणे निराळे.

प्रौढांस शिकविण्याचा विचार आपणांस परका नाही. जोतीराव व सावित्रीबाई फुले ह्यांनी १८५५ साली पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसा राबणाऱ्याची सवड पाहून शाळेची वेळ ठरवावी, हा त्यांचा पहिला धडा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थेने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले. नोकरी करणाऱ्यांस शिकता यावे म्हणून तेथील वर्ग सकाळी भरत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू केले. ‘कमवा व शिका’ ह्या योजनेत विद्यार्थी श्रम करून शिकत. त्यामुळे विद्या मिळाली, पण मान खाली घालावी लागली नाही. हा दुसरा धडा.

बाबासाहेबांचा जन्म १८९१ साली आपल्या इंदूरलगतच्या महूचा. १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. अर्थशास्त्राबरोबर त्यांनी तेथे इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान ह्यांचाही अभ्यास केला. पुढे राज्यघटनेच्या मसुदा समितीचे ते अध्यक्ष झाले. त्यांनी केवळ पोटापुरते शिकावे, असे कोणी ठरविले असते तर देशाचे केवढे नुकसान झाले असते!

त्याच न्यूयॉर्क शहरात १९९५ साली अर्ल शॉरिस नावाच्या लेखकाने गरीब प्रौढांसाठी एक वर्ग काढला. तो दारिद्र्यावर पुस्तक लिहीत होता. कारागृहातील एका स्त्रीस त्याने विचारले, लोक गरीब का राहतात? तिने पैशाचे नाव काढले नाही. आमच्या मुलांना नाटके, संग्रहालये, व्याख्याने ह्यांच्या जगात न्या, अशा आशयाचे उत्तर तिने दिले. त्यावरून शॉरिसला हा वर्ग सुचला. सुमारे तीस विद्यार्थी, आठवड्यातून दोन संध्याकाळी, फी नाही, पुस्तके फुकट. येण्याजाण्याचे भाडेही वर्गाकडून मिळे. सॉक्रेटिसाप्रमाणे प्रश्न विचारीत शिकवावयाचे, ही पद्धत. मध्येच गळालेलेही पुष्कळ होते. परंतु पुरे करणाऱ्यांपैकी बहुतेकांस बार्ड कॉलेजने आपल्या परीक्षेचे गुण दिले. हे वर्ग पुढे इतर शहरांत व देशांतही निघाले.

कोणी म्हणेल, आधी पोट, मग प्लेटो. ह्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि शिवणवर्ग बंद करा असे आम्ही म्हणत नाही. परंतु इंदूरकरांनी आपल्याच गावाकडे पाहावे. हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली आणि कामगारांच्या थकलेल्या देण्याचा प्रश्न सुटावयास २०२३ चा डिसेंबर उजाडला. बत्तीस वर्षे! एवढ्या काळात माणसाला कागद वाचावा लागतो, सभेत बोलावे लागते, दुसऱ्याचे म्हणणे ऐकून आपले मांडावे लागते आणि धीर सोडून चालत नाही. हातातला धंदा गेला म्हणजे माणसाजवळ उरते ते हेच बळ, आणि ते शिवणयंत्रावर शिकता येत नाही.

म्हणून विश्वस्तांस आमची नम्र सूचना अशी. ट्रस्टच्या एका खोलीत वीस प्रौढांचा वर्ग आठ महिने चालवावा. वेळ त्यांना विचारून ठरवावी. बोलणे हिंदी-मराठीत व्हावे. तुकोबा व कबीर, सॉक्रेटिसाची कथा, माळव्याचा इतिहास, राज्यघटनेची उद्देशिका एवढ्यापासून आरंभ पुरे. बसभाडे द्यावे, आयांची मुले सांभाळण्यास कोणी असावे, चहा असावा. निवृत्त प्राध्यापकांची ह्या शहरात वाण नाही. त्यांनी व्याख्यान देऊ नये, प्रश्न विचारावा आणि उत्तरासाठी थांबावे.

आजवर ट्रस्टने पुष्कळांस हात दिला. आता आपल्या ज्युबिलीच्या वर्षात काहींस ‘तुम्हांला काय वाटते?’ असे विचारले जावे. ज्यांना आयुष्यात हे कोणी विचारले नाही, त्यांस त्याचे मोल आम्ही सांगावयास नको.