कुंडीतील ॲमरिलिस : कंदाची निगा आणि फुलोरा

उत्तर भारतातील बागांत एप्रिल महिना हा निरोपाचा असतो. हिवाळ्यात बहरलेली पँझी, पेट्यूनिया, फ्लॉक्स यांसारखी हंगामी फुले वाढत्या उन्हाने करपू लागतात आणि पावसाळी फुलांना अजून अवकाश असतो. नेमक्या याच सुमारास कुंडीतील एखाद्या कंदातून जाड, पोकळ दांडा वर येतो आणि त्याच्या टोकाशी कर्ण्याच्या आकाराची दोन ते सहा मोठी फुले उमलतात. हे ॲमरिलिस होय. दिल्लीच्या दक्षिणेस वसलेल्या फरीदाबादसारख्या शहरात, जेथे अनेकांच्या वाट्याला अंगणाऐवजी गच्ची किंवा सज्जा येतो, तेथे कुंडीत सहज वाढणारे हे कंदपुष्प विशेष लोकप्रिय व्हावे यात नवल नाही.

परंतु या वनस्पतीविषयी एक तक्रार नेहमी ऐकू येते. विकत आणलेला कंद पहिल्या वर्षी उत्तम फुलतो; दुसऱ्या वर्षी त्याला केवळ पाने येतात आणि तिसऱ्या वर्षी पावसाळ्यात तो कुजून जातो. दोष कंदाचा नसतो. फूल सुकताच त्याच्याकडे दुर्लक्ष केले जाते, आणि खरी निगा तर तेथूनच सुरू व्हावयास हवी असते.

नाव आणि मूळस्थान

ॲमरिलिस हे रोमन कवी व्हर्जिल याच्या काव्यातील एका मेंढपाळ तरुणीचे नाव. स्वीडिश शास्त्रज्ञ लिनीअस याने 1753 मध्ये ते एका वनस्पती-प्रजातीला दिले. शास्त्रीय दृष्ट्या आज हे नाव दक्षिण आफ्रिकेतील एका वेगळ्या वनस्पतीचे आहे. कुंड्यांतून आढळणारे फूल मूळचे दक्षिण अमेरिकेतील असून विल्यम हर्बर्ट याने 1821 मध्ये त्याच्या प्रजातीला हिप्पीॲस्ट्रम असे नाव दिले. कोणते नाव कोणाचे, हा वाद दीर्घकाळ चालला आणि 1987 मध्ये बर्लिन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत मिटला. रोपवाटिकांतून मात्र ॲमरिलिस हेच नाव रूढ राहिले आहे. मराठी वाचकांच्या परिचयाचे सुदर्शन हे याच कुळातील होय.

या फुलाचा पहिला ज्ञात संकर 1799 मध्ये इंग्लंडमधील जॉन्सन नावाच्या एका घड्याळजीने केला. तेव्हापासून लाल, नारिंगी, गुलाबी, पांढऱ्या आणि रेषांकित फुलांचे शेकडो प्रकार निर्माण झाले. हॉलंड हा देश या कंदांच्या व्यापाराचे प्रमुख केंद्र आहे. भारतात विदेशी शोभिवंत वनस्पती रुजविण्याच्या कामात कलकत्त्याच्या ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीचा मोठा वाटा आहे. तिची स्थापना 1820 मध्ये विल्यम केरी यांनी केली. 1805 मध्ये मराठी भाषेचे व्याकरण प्रसिद्ध करणारे केरी ते हेच.

कंदाच्या आत काय चालते

ॲमरिलिसचा कंद कांद्यासारखा दिसतो. बाहेर तपकिरी, कोरडे पापुद्रे. आत एकावर एक रचलेले मांसल थर. आणि तळाशी चकतीसारखे आखूड खोड, ज्यातून मुळे फुटतात. मांसल थर म्हणजे मुख्यतः पानांचे फुगलेले तळ असून त्यांत अन्नाचा साठा असतो.

या कंदाची वाढ ठराविक क्रमाने होते. साधारणतः चार पाने निर्माण झाली की एक पुष्पकळी तयार होते. पुन्हा चार पाने आणि पुन्हा एक कळी. ही कळी आत निर्माण झाल्यापासून बाहेर उमलेपर्यंत सुमारे एक वर्षाचा काळ लोटतो. म्हणजे यंदाच्या एप्रिलमध्ये दिसणारे फूल हे गतवर्षीच्या पानांच्या कष्टाचे फळ असते, आणि ते उमलत असताना पुढील वर्षीच्या फुलाचा पाया घातला जात असतो. फूल गळाल्यावर पाने ओंगळ दिसतात म्हणून जो ती कापून टाकतो, तो पुढच्या वर्षीचे फूलच कापून टाकतो. अन्न अपुरे पडल्यास कळी आतल्या आत सुकून जाते आणि कंदाला नुसतीच पाने येतात.

कंद विकत घेताना तो टणक व जड असल्याची खात्री करावी. व्यापारात कंदाचे मोजमाप त्याच्या घेरावरून करतात. 20 सेंटिमीटरहून अधिक घेर असलेला कंद फुलण्याचा चांगला भरवसा देतो; 30 सेंटिमीटरच्या पुढील कंदाला बहुधा दोन दांडे येतात.

कुंडी आणि माती

कुंडी कंदापेक्षा फार मोठी नसावी. कंद आणि कुंडीची कड यांमध्ये सर्व बाजूंनी दोन-तीन सेंटिमीटर जागा पुरते; मोठ्या कुंडीतील जास्तीची माती ओल धरून ठेवते आणि कंद कुजण्यास कारण होते. मातीची, तळाला मोठे छिद्र असलेली, वजनदार कुंडी उत्तम. हलकी कुंडी फुलांच्या भाराने कलंडते.

दोन भाग बागेची माती, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत किंवा पालापाचोळ्याचे खत आणि एक भाग जाड वाळू असे मिश्रण करून त्यात मूठभर हाडांचा चुरा मिसळावा. ताजे शेण कधीही घालू नये. कंद लावताना त्याचा वरचा एक-तृतीयांश ते निम्मा भाग मातीच्या वर राहिला पाहिजे. संपूर्ण कंद पुरणे ही नवशिक्यांची सर्वांत नेहमीची चूक होय. लावणीनंतर एकदा भरपूर पाणी द्यावे आणि दांडा किंवा पाने दिसेपर्यंत माती केवळ किंचित ओलसर ठेवावी.

फरीदाबादच्या पुष्कळ भागांत भूजल क्षारयुक्त आहे. अशा पाण्याने काही महिन्यांत कुंडीच्या कडेवर पांढरा थर जमतो आणि पानांची टोके करपतात. त्यावर पावसाचे पाणी हा सोपा उपाय आहे. साठवलेले पावसाचे पाणी अधूनमधून कुंडीतून वाहू द्यावे, म्हणजे क्षार धुऊन जातात. येथे कुंडीत लाकडाची राख घालणे टाळावे, कारण तिने मातीची अल्कता आणखी वाढते.

वर्षभराची निगा

डिसेंबर आणि जानेवारी हा विश्रांतीचा काळ. कंदाला पुन्हा फुलण्यासाठी आठ ते दहा आठवड्यांचा थंड व कोरडा काळ उपकारक ठरतो. थंड देशांत त्यासाठी कंद सुमारे 13 अंश सेल्सिअस तापमानात साठवितात. फरीदाबादच्या हिवाळ्याचे सरासरी तापमान याच्या आसपास असल्याने ती सोय तेथे निसर्गच करतो. मुंबई-कोकणात अशी थंडी नसते; तेथे पाणी तोडूनच विश्रांती द्यावी लागते. या काळात पाणी जवळजवळ बंद करावे. पिवळी पडून सुटलेली पानेच काढावीत. हिरवी पाने तोडू नयेत. कडाक्याच्या रात्री कुंड्या भिंतीच्या आडोशाला घ्याव्यात.

फेब्रुवारीच्या मध्यास कुंडीतील वरची माती काढून तेथे नवे खतमिश्रण भरावे. मुळे दुखावली गेल्यास फूल चुकण्याचा संभव असल्याने कुंडी दरवर्षी बदलू नये. तीन वर्षांतून एकदा पुरे. मार्चमध्ये कळी दिसताच पाणी वाढवावे. दांडा प्रकाशाकडे झुकतो, म्हणून कुंडी दर दोन-तीन दिवसांनी थोडी फिरवावी. फुले उमलल्यावर कुंडी सावलीत ठेवल्यास ती अधिक टिकतात.

फूल सुकल्यावर त्याच्या मागील हिरवा फुगीर भाग खुडून टाकावा. तो राहू दिल्यास कंदाची शक्ती बी धरण्यात खर्च होते. दांडा मात्र हिरवा असेपर्यंत तसाच ठेवावा.

मे-जूनमध्ये तापमान 40 अंशांच्या वर जाते आणि लू वाहू लागते. या दिवसांत सकाळचे ऊन आणि दुपारची सावली द्यावी. संध्याकाळी पाणी घालावे. मे ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी सौम्य द्रवखत द्यावे. त्यात नत्र कमी आणि पालाश अधिक असावे.

जुलै ते सप्टेंबर हा काळ भरभराटीचा तसाच धोक्याचा. कुंड्या विटांवर ठेवाव्यात म्हणजे पाणी निचरून जाते. ऑक्टोबरपासून खत बंद करून पाणी हळूहळू कमी करावे. परदेशातून आलेले कंद ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लावल्यास सहा ते दहा आठवड्यांत, ऐन हिवाळ्यात फुलतात; परंतु हे एकदाच घडते. पुढे त्यांनाही स्थानिक ऋतुक्रमच लावून घ्यावा.

शत्रू आणि सावधगिरी

पावसाळ्यात काळ्या अंगावर पांढरे व नारिंगी ठिपके असलेल्या अळ्यांची झुंड पाने फस्त करते. ही लिलीवरील पतंगाची अळी होय. रोज पानांची खालची बाजू तपासून अळ्या हाताने वेचणे हाच घरगुती बागेसाठी उत्तम उपाय. पानांवर व दांड्यावर लाल डाग पडणे हा बुरशीचा रोग आहे. रोगट भाग कापून जाळावा आणि पाणी पानांवर न शिंपडता मातीत द्यावे. पानांवर फिकट पट्टे उमटणे हे विषाणूचे लक्षण असून त्यावर इलाज नाही; असा कंद नष्ट करावा आणि हत्यारे स्वच्छ करावीत.

हा कंद विषारी आहे, ही गोष्ट घरातील सर्वांना ठाऊक असली पाहिजे. त्यातील लायकोरीन या द्रव्यामुळे उलट्या व जुलाब होतात. साठविलेले कंद स्वयंपाकघरातील कांद्यांजवळ ठेवू नयेत. ते मुलांपासून व पाळीव जनावरांपासून दूर असावेत.

वाढ

मोठ्या कंदाच्या बाजूस लहान कंद फुटतात. त्यांना स्वतःची मुळे आल्यावर, कुंडी बदलतेवेळी, ते वेगळे करून लावावेत. दोन-तीन वर्षांत ते फुलण्याजोगे होतात. काळ्या, पातळ, कागदासारख्या बियांपासूनही रोपे होतात. त्या ताज्या असतानाच पेराव्यात. फुलासाठी तीन-चार वर्षे थांबावे लागते आणि ते मातृवृक्षासारखेच निघेल असे नाही.

फुले पाहण्याचा आनंद फार तर पंधरवड्याचा असतो. उरलेले साडेअकरा महिने कंदाच्या हिरव्या पानांचे असतात. ती पाने ज्या घरात जपली जातात, तेथे एकच कंद दहा-बारा वर्षे फुलत राहतो आणि त्याची पिले शेजारच्या कुंड्यांतून, पुढे शेजाऱ्यांच्या गच्चीवरही, वसती करतात.