आकड्यांच्या चित्राविषयी नातीस पत्र

॥ श्री ॥

चौसाळा, ता. जि. बीड
वैशाख शुद्ध षष्ठी

चि. ताईस अनेक उत्तम आशीर्वाद, विशेष.

तुझा फोनवरचा मजकूर पोचला. त्याचे उत्तर त्याच यंत्रावर चार शब्दांत देता आले असते. परंतु ज्याची सारी नोकरी तलाठ्याच्या दप्तरात, जबाब, पंचनामे आणि फेरफार यांच्या संगतीत गेली, त्याला कागद पुढे घेतल्यावाचून सल्ला देणे जमत नाही, हा माझा जुना दोष तू जाणतेसच. आकड्यांच्या चित्राचा संच आणून पंधरा दिवस झाले, कॅनव्हास टेबलावर पसरलेला आहे, डब्या ओळीने मांडलेल्या आहेत आणि तरीही तुझा हात ब्रशाकडे जात नाही. कारण शाळेत एलिमेंटरी परीक्षेत मिळालेली ‘क’ श्रेणी तुला अजून सलते, आणि त्यात मैत्रीण म्हणाली की हे काही खरे चित्र नव्हे, ही नुसती भरणी. मैत्रिणीचे म्हणणे खोटे नाही. मात्र त्यावरून तिने काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही.

चित्रकाराच्या माथी तीन प्रकारचा सारा असतो: आकृती रेखणे, रंग निवडून जुळविणे, आणि जुळविलेला रंग नेमक्या जागी, नेमक्या जाडीने बसविणे. नवशिक्याकडून या तिहींची वसुली एकाच हंगामात करू गेले म्हणजे तो बिचारा गाव सोडून जातो. तू सातवीत असताना नेमके तेच घडले. आकड्यांच्या चित्रात आकृती आधीच आखलेली आणि प्रत्येक भागाचा रंग आकड्याने ठरवून दिलेला असतो, म्हणजे पहिले दोन हप्ते पुढे ढकललेले असतात. आमच्या महसूल खात्यात सूट आणि तहकुबी हे दोन निराळे शब्द आहेत; सूट मिळाली म्हणजे सारा कायमचा गेला, आणि तहकुबी मिळाली म्हणजे पुढे पीकपाणी बरे झाले की तो भरावा लागतो. तुला मिळाली आहे ती तहकुबी. जो या संचालाच चित्रकलेचा शेवट समजतो तो तिला सूट मानतो, आणि जो त्याला हसतो त्याला दुष्काळात तहकुबी का देतात हेच कळलेले नसते. तिचा लाभ घेण्यात लाज ती कसली?

हा प्रकार निघाला तो अमेरिकेतील डेट्रॉइट शहरी, १९५० च्या सुमारास. रंगाचा कारखाना चालविणारे मॅक्स क्लाइन यांच्या पदरी डॅन रॉबिन्स नावाचा चित्रकार होता. लिओनार्दो दा व्हिंची आपल्या शिष्यांना आकडे घातलेले भाग भरावयास देत असे, असे ऐकल्याचे स्मरण झाल्यावरून ही युक्ती सुचली, असे तो सांगे. पुढे घरोघरी हे संच गेले, जाणत्यांनी नाके मुरडली, आणि १९६२ मध्ये अँडी वॉरहॉलने असलीच चित्रे मुद्दाम अर्धवट भरून, उरलेले आकडे उघडे ठेवून, मांडली. ती त्याला शोभली. तू अर्धे सोडलेस तर ते पलंगाखाली जाईल.

आपल्याकडेही रेषांच्या कोंडाळ्यात रंग भरण्याची विद्या परकी नाही. देवघरातील ती जुनी छापील लक्ष्मी आठव. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईस छापखाना काढला आणि पुढे तो छापखाना मळवलीस गेला. तेथे एका चित्राचे रंग वेगळे पाडून प्रत्येकासाठी निराळा दगड तयार करीत, आणि कोणता रंग कोठे संपतो हे दाखविणारी नुसत्या हद्दींची एक रेखाकृती आधी काढून घेत. त्या रेखाकृतीत लक्ष्मी दिसत नसे, बांधच दिसत. तुझ्या कॅनव्हासावर आज तेच आहे, फक्त दगडांच्या ऐवजी तुझा हात.

आता कामाचे बोलू. कॅनव्हास घडीत आला असेल तर उलट्या बाजूने, वर कापड ठेवून, कोमट इस्त्री फिरव. आरंभापूर्वी आकड्यांसकट सबंध कॅनव्हासाचे छायाचित्र काढून ठेव, कारण एकदा गडद रंग वर गेला की खालचा आकडा पुन्हा दिसत नाही. वरून खाली ये आणि उजव्या हाताची असल्याने डावीकडून उजवीकडे जा, म्हणजे मनगट ओल्या रंगावर घासणार नाही. एक डबी उघडली की त्या आकड्याची सगळी ठिकाणे संपवूनच दुसरी उघड. हे रंग अॅक्रिलिकचे, पाण्यात मिसळणारे; पण एकदा वाळले की पाण्यालाही दाद देत नाहीत, आणि या वैशाखातल्या कोरड्या उन्हात तर झाकण उघडे राहिलेली डबी चहा पिऊन येईतो साय धरते. घट्ट झाल्यास एक थेंब पाणी, फार तर दोन. त्याहून अधिक घातलेस तर रंग कॅनव्हासावर पसरेल आणि आकडा खालून डोकावेल. पिवळा आणि पांढरा यांच्याकडून एका हातात आकडा झाकला जाण्याची अपेक्षाच करू नकोस. पातळ थर दे, वाळू दे, पुन्हा दे. ब्रश लगेच धू आणि पाण्याच्या पेल्यात उभा ठेवू नकोस. केस वाकले की तो कायमचा वाकडा होतो.

माझा स्वतःचा गुन्हाही येथे कबूल करतो. २०२० च्या टाळेबंदीत तुझ्या बापाने मला असाच एक संच धाडला होता: तळे, मागे डोंगर, आणि नाव मला ठाऊक नसलेली उंच झाडे. इंग्रजी सहा उलटा धरला की नऊ होतो, ही गोष्ट साठ वर्षे आकडे लिहिणाऱ्या माणसाच्या ध्यानात यावयास हवी होती, परंतु झाडांचे सगळे बुंधे आभाळाच्या फिक्या निळ्याने रंगवून झाल्यावर तुझी आजी म्हणाली, “अहो, झाडं बर्फाची आहेत का?” तेव्हा डबीच्या झाकणावर पेनाने आकड्याखाली रेघ मारून ठेव. दुसरा गुन्हा यापेक्षा मोठा. आभाळ मला बेचव वाटले म्हणून मी दोन डब्यांचा रंग एकत्र करून ‘सुधारणा’ केली, तो रंग अर्ध्या आभाळात संपला, आणि पुन्हा तसाच काही जमला नाही. आपल्या भिंतीवरच्या त्या चित्रात आभाळाला जो आडवा पट्टा दिसतो, पाहुणे ज्याला संध्याकाळ म्हणतात, तो हा. म्हणून बजावतो की पहिल्या चित्रात आकड्याची आज्ञा मोडावयाची नाही; तुला तो रंग पटो वा न पटो.

एका ठिकाणी मात्र संच तुला वाऱ्यावर सोडतो, आणि माझ्या मते सगळी गंमत तेथेच आहे. ती जागा म्हणजे दोन आकड्यांमधील रेघ. नवशिका रेघेला भिऊन अलीकडेच थांबतो, शेजारचा रंगही पलीकडेच थांबतो, आणि मधे पांढरी पट्टी उरून चित्र गावनकाशासारखे दिसू लागते. पीकपाहणीला शिवारात हिंडताना मी पाहत असे की नकाशावर काळ्या शाईची ठसठशीत हद्द असली तरी जमिनीवर या गटातली ज्वारी आणि त्या गटातली तूर बांधावर एकमेकींत शिरलेल्या असत, आणि आपल्या बालाघाटाच्या उतारावर मुरूम कोठे संपला आणि काळी माती कोठे लागली हे नेमके बोट ठेवून कोणालाच सांगता येत नसे. तुझा रंग रेघेच्या मध्यापर्यंत ने. तो वाळल्यावर शेजारचा किंचित त्याच्या काठावर येऊ दे. लहान ब्रश अगदी टोकाशी न धरता लेखणीसारखा धर आणि करंगळी टेबलावर टेकव. मग उठून चार हात मागे जा. जवळून जे ठिगळ वाटत होते ते तेथून पाण्यावरची तिरीप दिसेल, आणि कोणत्या दोन रंगांनी ती केली हे कळण्यासाठी तू पुन्हा जवळ येशील. रंगनिवडीचा जो हप्ता तहकूब आहे त्याची पहिली पै तू तेव्हा भरलेली असशील.

रोज अर्धा तास पुरे. डोळे ताणून रात्री बसू नकोस. ज्येष्ठात इकडे येशीलच, तेव्हा चित्र पुरे झालेले असो वा नसो, घेऊन ये. घडी मात्र घालू नकोस. चांगले वाळू देऊन, रंगाची बाजू बाहेर ठेवून सैल गुंडाळ, आणि बसमध्ये सामानाच्या खाली जाऊ देऊ नकोस.

कळावे, हे आशीर्वाद.

तुझा
आजोबा