धक्का कोणाचा?

तिसगावच्या मुलाने बंदरावर लेख लिहावा, याचे काही मित्रांना हसू येईल. आमच्याकडे टँकर येतो, होडी येत नाही! परंतु गावावरून जाणाऱ्या रस्त्याला कल्याण-विशाखापट्टणम महामार्ग म्हणतात आणि ही दोन्ही नावे बंदरांची आहेत. कल्याण तर सातवाहनांच्या काळापासूनचे. शिवाय अर्थशास्त्राच्या तासाला ‘सार्वजनिक खर्च’ शिकताना मला पडलेला प्रश्न बाजारतळालाही लागू आहे. धक्का बांधायला पैसा लागतो. तो कोणी द्यावा, आणि ज्याने दिला त्याने तेथे कोणाला उतरू द्यावे?

माझी आई आठवडे बाजारात भाजी घेऊन बसते. जागेची पावती फाडावी लागते, त्याबद्दल तिची तक्रार नसते. पावती फाडली की जागा कोणालाही मिळते, एवढे तिला पुरते. बंदराचे मूळ तत्त्वही माझ्या मते हेच होय.

मुंबईत हे तत्त्व सहजासहजी आलेले नाही. १८६० नंतर अमेरिकेतील यादवीमुळे कापसाचा भाव चढला, पैशाचा पूर आला आणि समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या. त्यांपैकी एल्फिन्स्टन कंपनीच्या हाती बंदराचा मोठा किनारा गेला. सगळ्या शहराचा व्यापार ज्या काठावरून चालतो, तोच काठ खासगी मालकीचा! अखेर १८७० मध्ये सरकारने कंपनीची मालमत्ता विकत घेतली व १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. ससून कुटुंबाने १८७५ मध्ये बांधलेली गोदीही १८७९ मध्ये सरकारने घेतली. भाऊचा धक्कासुद्धा भाऊ अजिंक्य या खासगी कंत्राटदाराने बांधलेला. त्याचे नाव राहिले, मालकी राहिली नाही.

मोठ्या बंदराचा खर्च जहाजांवरील शुल्क, मालावरील आकार आणि जमिनीचे भाडे यांतून निघू शकतो. लहान जेटीचे तसे नाही. लाँचच्या तिकिटातून तिचा बांधकाम-खर्च निघावा म्हटले, तर तिकीट कोणाला परवडणार? म्हणून लहान बंदरांचा भार राज्य सरकारवर आहे. त्यासाठी १९९६ मध्ये महाराष्ट्र सागरी मंडळ झाले, आणि केंद्राच्या सागरमाला योजनेतूनही पैसा येतो. मला हे योग्य वाटते. एस.टी.चा थांबा कोणी नफ्यासाठी बांधत नाही.

मात्र सरकारी पैसा आला म्हणजे प्रश्न संपला असे नाही. गेटवे ऑफ इंडियाजवळ, रेडिओ क्लबच्या बाजूस, सुमारे २२९ कोटी रुपयांच्या प्रवासी जेटीचे भूमिपूजन मार्च २०२५ मध्ये झाले. कुलाब्याचे रहिवासी न्यायालयात गेले. गर्दी वाढेल, समुद्राकाठची जुनी भिंत तोडावी लागेल, आम्हाला कोणी विचारले नाही, असे त्यांचे म्हणणे. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने जेटीला मान्यता दिली, पण अटी घातल्या. आराखड्यातील खुले प्रेक्षागृह करमणुकीसाठी वापरायचे नाही, ती प्रवाशांनी बसण्याची जागा. उपाहारगृहात जेवणावळी नकोत, पाणी आणि बांधलेले खाद्यपदार्थ तेवढे द्यावेत. सर्वोच्च न्यायालयानेही सप्टेंबरमध्ये त्यात हस्तक्षेप केला नाही.

रहिवाशांची बाजू मला अर्धीच पटते. विचारायला हवे होते, हे खरे. पण किनारा समोर राहणाऱ्याचा जितका, तितकाच लाँचची वाट पाहणाऱ्याचाही. न्यायालयाच्या अटी मात्र मला पूर्ण पटतात. या खर्चात, साबण-चहावर कर भरणाऱ्या पाथर्डी तालुक्यातल्या ऊसतोड मजुराचाही वाटा आहे. तो करमणुकीच्या जागेवर का जावा? आधी सावली, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह, ओहोटीलाही म्हाताऱ्या माणसाला उतरता येतील अशा पायऱ्या. अतिमहत्त्वाच्या व्यक्तींची बैठकखोली त्यानंतर.

घारापुरी बेटावर लेणी पाहायला गेटवेवरून लोक जातात. त्याच बेटावर शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर ही तीन गावे आहेत. सहलीची लाँच चुकली तर आपला एक दिवस जातो. त्या गावांतल्या माणसाला दवाखान्यात जायचे असले, तरी आधी धक्क्यावरच यावे लागते.