फुकटचं नेटवर्क मॉनिटरिंग सॉफ्टवेअर तुमच्या कामाचं आहे का? आधी कागद, मग डाउनलोड



एएमसीच्या व्हिडिओत आपण बोललो होतो की, कॉम्प्युटर आणि नेटवर्कच्या देखभालीचं वर्षाचं कंत्राट घेणाऱ्याकडे मॉनिटरिंग हवंच. मग पुढचा प्रश्न येतोच, "सर, ओपन सोर्स सॉफ्टवेअर फुकट मिळतं, तेच टाकू का?" याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं एका शब्दात देता येत नाही. तुमची गरज कागदावर असेल तर उत्तर दोन आठवड्यांत तुम्हालाच मिळतं. ते कसं काढायचं, हे आज शिकूया.

एक उदाहरण धरू. समजा, तुम्ही एका पतसंस्थेची एएमसी घेतली आहे. मुख्य शाखा तालुक्याच्या गावी आणि तीन शाखा आजूबाजूच्या बाजारगावांत. सर्व्हर मुख्य शाखेत. सगळं मिळून ४ राउटर, ६ स्विच, १ सर्व्हर, ४ डीव्हीआर, ३ यूपीएस आणि २ प्रिंटर, म्हणजे २० यंत्रं. आठवडी बाजाराच्या दिवशी सकाळी साडेदहाला एका शाखेची लाइन गेली. काउंटरसमोर रांग आहे आणि मॅनेजरसाहेब तुम्हाला फोन करतात. तुम्ही म्हणता, "थांबा, बघतो." इथेच तुमची पत कमी झाली. त्यांचा फोन यायच्या आधी तुमचा फोन जायला हवा होता. मॉनिटरिंग आपल्याला हवं आहे ते यासाठी.

पायरी १ : गरज मोजता येईल अशी लिहा

"नेटवर्कवर लक्ष राहिलं पाहिजे" ही इच्छा झाली, गरज नाही. गरज अशी लिहायची:

- कोणत्याही शाखेची लाइन गेली तर ५ मिनिटांत माझ्या मोबाइलवर अलर्ट.
- शाखेचा राउटर बंद पडला तर एकच अलर्ट. त्याच्यामागच्या प्रत्येक यंत्राचा वेगळा नको.
- सर्व्हरची डिस्क ८५ टक्के भरली की सूचना.
- मागच्या ९० दिवसांत लाइन किती वेळा आणि किती वेळ गेली याचा अहवाल.
- मी गावाला गेलो तर माझ्या मदतनीसालाही अलर्ट.

आता प्रत्येक ओळीसमोर 'हवंच', 'असलं तर बरं' किंवा 'नसलं तरी चालेल' लिहा. हे ग्राहकासोबत बसून करा. रंगीत नकाशे आणि ग्राफ आपल्याला आवडतात. मॅनेजरसाहेबांना रांग हललेली हवी असते.

इथेच एक सावधानता. ग्राहक म्हणाला, "९९.९ टक्के चालू राहील असं लिहून द्या," तर लगेच सही करू नका. ३० दिवसांच्या महिन्यात ९९.९ टक्के म्हणजे फक्त ४३ मिनिटं बंद राहण्याची मुभा. लाइन इंटरनेट कंपनीची, वीज वीज कंपनीची, आणि शब्द मात्र तुमचा! मॉनिटरिंग बिघाड दाखवतं, दुरुस्त करत नाही. म्हणून 'अलर्ट आल्यावर मी किती वेळात काम सुरू करीन' एवढाच शब्द द्या.

पायरी २ : यंत्रं बोलतात का, ते बघा

नवीन लोक सगळ्यात जास्त इथे फसतात. सॉफ्टवेअर कितीही भारी असो, समोरच्या यंत्राने माहितीच दिली नाही तर ते काय दाखवणार? राउटर, स्विच, यूपीएस यांच्याकडून माहिती घेण्याची सर्वांत प्रचलित पद्धत म्हणजे एसएनएमपी. पण दुकानात मिळणारे साधे, स्वस्त स्विच 'अनमॅनेज्ड' असतात. त्यांना एसएनएमपी येत नाही, आणि बऱ्याचदा स्वतःचा आयपी पत्ताही नसतो. म्हणजे त्यांना साधं पिंगसुद्धा करता येत नाही. त्यांच्यामागचं एखादं यंत्र उत्तर देतं का, एवढ्यावरूनच अंदाज बांधायचा.

म्हणून २० यंत्रांची यादी करा आणि प्रत्येकासमोर लिहा: एसएनएमपी आहे, फक्त पिंग होतं, की काहीच नाही. 'कोणत्या पोर्टवरून किती डेटा जातो' ही गरज तुम्ही 'हवंच'मध्ये लिहिली असेल आणि सहाही स्विच अनमॅनेज्ड असतील, तर जगातलं कोणतंही सॉफ्टवेअर ती पूर्ण करणार नाही. तिथे खर्च स्विचवर करावा लागेल, आणि तो कोटेशनमध्ये आधीच दिसायला हवा.

पायरी ३ : दोनच उमेदवार निवडा

दहा सॉफ्टवेअर टाकून बघत बसलात तर महिना जाईल. थोडक्यात ओळख अशी:

- नागिओस कोअर : १९९९ मध्ये नेटसेंट नावाने सुरू झालं. भक्कम आणि जुनंजाणतं, पण सगळी मांडणी मजकुराच्या फाइलींमध्ये लिहावी लागते. सवय नसेल तर वेळ जातो.
- झॅबिक्स : लॅटव्हियात जन्मलेलं, २००१ पासून लोकांसाठी खुलं. अलर्ट, ग्राफ, अहवाल एकाच ठिकाणी. दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला ५ वर्षं अपडेट मिळतात. शिकायला मात्र वेळ द्यावा लागतो.
- लिब्रेएनएमएस : २०१३ मध्ये ऑब्झर्वियमपासून वेगळं झालं. एसएनएमपी येणारी यंत्रं आपोआप शोधतं. तुमच्याकडे तशी यंत्रं जास्त असतील तर सोयीचं.
- अपटाइम कुमा : अगदी साधं. 'चालू आहे की बंद' एवढंच विचारायचं असेल तर तासाभरात उभं राहतं.

पतसंस्थेच्या उदाहरणात मी झॅबिक्स आणि अपटाइम कुमा हे दोन घेईन. शाखांना बहुतेकदा इंटरनेट कंपनीकडून स्वतःचा पब्लिक आयपी मिळत नाही, त्यामुळे बाहेरून शाखेच्या आत पोहोचता येत नाही. झॅबिक्सचा छोटा प्रॉक्सी शाखेत ठेवला तर तो आतून बाहेर माहिती पाठवतो. लाइन गेली तर माहिती साठवून ठेवतो आणि लाइन आली की पुढे देतो.

मशीन केवढं लागेल? हिशोब करू. २० यंत्रांकडून प्रत्येकी ५० नोंदी, दर मिनिटाला. म्हणजे मिनिटाला १००० आणि दिवसाला १४ लाख ४० हजार नोंदी. झॅबिक्समध्ये एका आकड्याच्या नोंदीला साधारण ९० बाइट धरतात. दिवसाला अंदाजे १३० एमबी, ९० दिवसांना १२ जीबीच्या आसपास. आपल्या साध्या यंत्रांकडून एवढ्या नोंदी मिळणारही नाहीत. म्हणजे एसएसडी असलेला साधा डेस्कटॉप पुरतो, मोठा सर्व्हर विकत घेऊ नका.

पायरी ४ : केबल काढून परीक्षा घ्या

वेबसाइटवरची फीचर्सची यादी वाचून निर्णय घ्यायचा नाही. १४ दिवस चालवून बघायचं. ग्राहकाची परवानगी घ्या, काउंटर बंद झाल्यावर जा आणि खरंच केबल काढा. घड्याळात वेळ लिहा. अलर्ट आला की ती वेळ लिहा. दर मिनिटाला तपासणी आणि सलग तीनदा उत्तर नाही आलं तरच अलर्ट, अशी मांडणी असेल तर साधारण ३ मिनिटांत मोबाइल वाजायला हवा. ५ मिनिटांची गरज पूर्ण, पास!

मग राउटर बंद करा आणि अलर्ट मोजा. एक आला की सहा? सहा आले तर लगेच नापास करू नका. नागिओसमध्ये 'पेरेंट' आणि झॅबिक्समध्ये 'डिपेंडन्सी' नावाची सोय असते. ती लावा आणि पुन्हा बघा.

खोटे अलर्टही मोजा. रोज रात्री विनाकारण मोबाइल वाजला की आठव्या दिवशी तुम्ही तो सायलेंट करणार, आणि नवव्या दिवशी खरी लाइन जाणार. हे ठरलेलं असतं.

पायरी ५ : अलर्ट बाहेर कसा पडणार?

सॉफ्टवेअर मुख्य शाखेत आहे. मुख्य शाखेचीच लाइन गेली तर? सॉफ्टवेअरला सगळं कळलं, पण सांगायला रस्ताच नाही. टेलिग्राम आणि ईमेल त्याच इंटरनेटवरून जातात. म्हणून बाहेरच्या एखाद्या छोट्या क्लाउड सर्व्हरवर अपटाइम कुमा ठेवा. मुख्य शाखेने त्याला दर काही मिनिटांनी 'मी चालू आहे' असा निरोप पाठवायचा. निरोप थांबला की बाहेरचा पहारेकरी तुम्हाला उठवतो. आणि मॉनिटरिंगचं मशीन यूपीएसवर घ्यायला विसरू नका.

सुरक्षेचंही बघा. या मशीनला सगळ्या नेटवर्कची माहिती असते. पहिला तयार पासवर्ड लगेच बदला, एसएनएमपीचा 'पब्लिक' हा ठरलेला शब्द तसाच ठेवू नका आणि हे मशीन थेट इंटरनेटवर उघडं टाकू नका.

पायरी ६ : फुकट म्हणजे किती रुपये?

वर सांगितलेली चारही सॉफ्टवेअर धंद्यासाठी वापरता येतात आणि मांडणीचे, सेवेचे पैसे घेता येतात. झॅबिक्स ७.० पासून एजीपीएल लायसन्सखाली आहे. त्याचा कोड बदलून तुम्ही तो नेटवर्कवरून इतरांना वापरायला दिलात, तर बदललेला कोडही त्यांना उपलब्ध करून द्यावा लागतो. कोडला हात न लावता वापरलं तर ही अडचण नाही.

पण तुमचा वेळ फुकट नाही. समजा मांडणीला २० तास आणि पुढे अपडेट, बॅकअप, दुरुस्तीला महिन्याला ३ तास. तासाचे ३०० रुपये धरले तर मांडणीचे ६,००० आणि वर्षभराचे १०,८००. पहिल्या वर्षाचे १६,८०० रुपये, मशीन वेगळं. हा आकडा एएमसीच्या दरात धरला नाही तर तो तुमच्या खिशातून जाणार.

पायरी ७ : निर्णय

साधा नियम लक्षात ठेवा. 'हवंच'मधली एक जरी गोष्ट नापास झाली तरी ते सॉफ्टवेअर बाद, बाकी कितीही गुण मिळोत. सगळं 'हवंच' पास झालं, तर जे तुमच्या मदतनीसाला तुमच्याशिवाय चालवता येतं ते निवडा. आणि अपडेट, बॅकअप बघणारं कोणी नसेलच, तर पैसे देऊन तयार सेवा घेण्यात कमीपणा नाही.

आजचा गृहपाठ : एक ग्राहक निवडा. यंत्रांची यादी करा, पाच गरजा लिहा, प्रत्येकीसमोर आकडा लिहा. आकडा लिहिता आला नाही तर ती गरज अजून कच्ची आहे, ग्राहकाला पुन्हा विचारा. हा कागद तयार झाल्याशिवाय डाउनलोडचं बटण दाबायचं नाही.

भेटूया पुढच्या व्हिडिओत.